टायटॅनियमचा सोमवार

पहाटे ४.३०, एकोडी

आषाढात आमच्या गावात साडेचारला कोणी झोपलेलं नसतं. रोवणीचे दिवस. भाऊ बॅटरी घेऊन बांधीत पाणी किती साचलं ते पाहून आलेला असतो. आईनं डबा भरलेला असतो: पोळ्या, वांग्याची भाजी, वेगळ्या डबीत लाखोळीचं वरण. मी शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटे निघतो. शेजारचे मामाजी ओसरीवर दात घासत बसलेले असतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला. "तुमच्या कंपनीत बनते काय जी?" बनत काहीच नाही, मामाजी. दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूवर आम्ही लेप चढवतो. "येवढ्यासाठी नागपूर?" असं म्हणून ते चूळ भरतात.

भाऊ मोटरसायकलनं साकोलीला सोडतो आणि लगेच मागं फिरतो. बाया रोवणीला यायच्या असतात.

५.३० ते ८.३०, एसटी

लाखनीपर्यंत झोप. भंडारा आलं की जाग येते. हे पितळी भांड्यांचं शहर. लहानपणी आमच्या गावातही कल्हईवाला यायचा. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकून घासायचं, कथील लावून कापसाच्या बोळ्यानं आतून पसरायचं. आंबट वरण पितळेला लागू नये, एवढाच त्यातला हेतू. माझं काम त्याच घराण्यातलं आहे. फरक असा की कथील तापल्या पितळेशी वितळून एकजीव होतं, आमचा लेप मात्र जवळजवळ थंड जॉबवर (लेप द्यायच्या वस्तूवर) जोरानं आपटून, खाचाखोचांत अडकून बसतो. म्हणून आमच्याकडे घासण्याला नवसागरापेक्षा जास्त महत्त्व.

भंडारा मागं पडलं, की थोड्या वेळानं मौद्याच्या वीज केंद्राची धुराडी दिसतात. कोळशाच्या राखेनं बॉयलरच्या नळ्या झिजतात, त्यांना लेप देणं हे विदर्भातल्या आमच्या धंद्याचं पोटापाण्याचं काम. खाणीतल्या यंत्रांचे हायड्रॉलिक रॉड, राइस मिलचे शाफ्ट, पंखे, पंपाच्या स्लीव्ह हे बाकीचं. टायटॅनियम कधीतरीच येतं. आलं की वर्कशॉपमध्ये सगळे जरा सावध होतात.

९.००, हिंगणा एमआयडीसी

कपडे बदलून जॉब कार्डं बघतो. आज टायटॅनियमची दोन कामं एकत्र आली आहेत. एक आहे कॉलेजच्या संशोधक मॅडमचं: छोटे चौकोनी तुकडे, ज्यांना आम्ही कूपन म्हणतो. काही टीआय-सिक्स-फोरचे, म्हणजे सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम घातलेल्या टायटॅनियमचे, आणि काही टायटॅनियम ॲल्युमिनाइडचे. त्यांच्या कार्डावर सगळं लिहिलंय. मिश्रधातू, किती तापमानाला चाचणी, किती तास, कुठल्या बाजूला लेप.

दुसरं एक रासायनिक कारखान्याचं. हातभर लांबीची स्लीव्ह. हातात घेतल्याबरोबर कळतं की हे स्टेनलेस नव्हे. टायटॅनियमची घनता ४.५, पोलादाची ७.८, त्यामुळं उचलताना हात अपेक्षेपेक्षा वर जातो. कार्डावर एकच ओळ: 'टायटॅनियम स्लीव्ह, हीट रेझिस्टंट कोटिंग, ३०० मायक्रॉन.' तापमानाचा रकाना कोरा.

हा कोरा रकाना मला सहन होत नाही. पोलादाच्या जॉबवर एखाद्यानं तापमान लिहिलं नाही, तर अंदाजानं काम निभावतं. टायटॅनियमला निभावत नाही. का, ते सांगतो.

टायटॅनियम १६६८ अंशांना वितळतं, लोखंडाच्याही वर. लोकांना वाटतं, मग हे उष्णतेला दाद देणार नाही. पण वितळणं वेगळं आणि हवेत टिकणं वेगळं. टीआय-सिक्स-फोर साधारण ४०० अंशांपर्यंतच वापरतात. विमानाच्या इंजिनासाठी खास तयार केलेले मिश्रधातू फार तर ६०० अंशांपर्यंत जातात. त्यापुढं दोन गोष्टी एकदम घडतात. वर ऑक्साइडचा थर वाढतो, आणि तो ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) थरासारखा घट्ट नसतो, पापुद्रे होऊन सुटतो. हे निदान डोळ्यांना दिसतं. दुसरी गोष्ट दिसत नाही. ऑक्सिजन धातूच्या आत शिरतो आणि तिथंच विरघळून राहतो. टायटॅनियमची भूक अशी, की शंभरातले तेहतीसेक अणू ऑक्सिजनचे झाले तरी तो धातू त्यांना स्वतःत सामावून घेतो. आतला तो पट्टा कडक आणि ठिसूळ होतो. त्याला अल्फा केस म्हणतात. वरून जॉब चांगला दिसतो, मोजमापात बसतो, आणि ताण आला की तडा त्या पट्ट्यातून सुरू होतो.

त्यामुळं टायटॅनियमवरच्या लेपाचं काम पापुद्रे थांबवण्यापेक्षा जास्त आहे. ऑक्सिजनला दारातच अडवायचं.

१०.००, फोन

कारखान्याच्या खरेदी विभागात फोन लावतो. "टेम्परेचर किती आहे, साहेब?" उत्तर: "हीट रेझिस्टंट लिहिलंय ना कार्डावर?" मेंटेनन्सच्या माणसाशी बोलायचंय म्हणालो, तर तो प्लांटमध्ये आहे, दुपारी करा. ठीक. स्लीव्ह रॅकवर ठेवतो आणि कार्डाला लाल पट्टी लावतो. लाल पट्टी म्हणजे कोणी हात लावायचा नाही.

१०.३०, ब्लास्टिंग

मॅडम आल्या. कूपन एसीटोननं धुऊन झाले. आता हातमोज्याशिवाय कोणी शिवायचं नाही, बोटाचं तेलही लेपाला पुरेसं शत्रू आहे. ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबानं टणक कण मारून पृष्ठभाग खरखरीत करणं, आमचे काका करतात. या कामात केस पांढरे झालेला माणूस. ॲल्युमिनाची ग्रिट, आणि टायटॅनियमसाठी दाब मुद्दाम कमी. जास्त जोर लावला तर ग्रिटचे कण मऊ धातूत घुसून बसतात आणि लेपाखाली कचरा राहतो.

काका नोझल तिरकं धरतात, सरळ नव्हे. पाच-सात सेकंदांत चकचकीत तुकडा राखाडी आणि खरखरीत होतो. भिंगाखाली बघितलं तर डोंगर-दऱ्या. लेप याच दऱ्यांत अडकणार. काका तुकडा उजेडात फिरवून बघतात. कुठं चमक दिसली तर तिथं ग्रिट पोचली नाही असा अर्थ. "हा कोपरा राहिला, भाऊ," म्हणून पुन्हा आत घेतात. यंत्र खरखरीतपणाचा आकडा देतं, तोही लिहून ठेवतो, पण काकांच्या नजरेनं नापास केलेला कोपरा यंत्रानं पास केला तरी मी तो घेत नाही.

इथंच एक सूचना सगळ्यांना पाठ आहे. टायटॅनियमची बारीक धूळ पेट घेते, आणि पेटली तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. म्हणून टायटॅनियम करायच्या आधी डस्ट कलेक्टर रिकामा. ग्राइंडरला हा धातू लावला की पोलादासारख्या पिवळ्या नव्हे, डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या ठिणग्या उडतात. त्या एकदा पाहिल्या की ही सूचना कोणी विसरत नाही.

११.१५, पावडर

पावसाळ्यात पावडर दमट होते, गोळ्या धरते आणि फीडरच्या नळीत अडकते. सकाळी आल्या आल्या ती ओव्हनमध्ये ठेवली होती. आज निकेल, क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि चिमूटभर इट्रियम असलेली पावडर आहे. कण पंचेचाळीस मायक्रॉनच्या आतले. यातलं ॲल्युमिनियम महत्त्वाचं. तापलं की ते लेपाच्या वर पोचून ॲल्युमिनाचा पातळ, घट्ट पडदा तयार करतं, आणि त्या पडद्यातून ऑक्सिजनला जाणं जड जातं. इट्रियम त्या पडद्याला धरून ठेवायला मदत करतं.

ब्लास्टिंग झाल्यापासून घड्याळ चालू आहे. ताजा खरबरीत पृष्ठभाग फार काळ उघडा ठेवायचा नाही, आणि असल्या दमट हवेत तर नाहीच.

११.४५, गन

बूथचं दार बंद. कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही. ही एचव्हीओएफ (हाय व्हेलॉसिटी ऑक्सी-फ्युएल) गन, केरोसीन आणि ऑक्सिजनवर चालणारी. १९८०च्या सुरुवातीला अमेरिकेत जेम्स ब्राउनिंग यांनी या जातीची पहिली गन बाजारात आणली. आत रॉकेटसारखं ज्वलन होतं आणि पावडरचे कण आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगानं बाहेर पडतात. आमची गन मिनिटाला नऊशे लिटरच्या आसपास ऑक्सिजन पिते. सात घनमीटरचं भरलेलं सिलिंडर आठ मिनिटंही पुरत नाही, म्हणून बाहेर सिलिंडरची अख्खी रांग जोडलेली आहे. आणि अर्धीअधिक पावडर जॉबवर न बसता डस्ट कलेक्टरमध्ये जाते. लेपाचा दर ऐकून ग्राहक दचकतो, त्याचं अर्धं कारण हे.

ज्योत लागते. आधी नारिंगी, मग ऑक्सिजन जुळला की आखूड, निळसर, आणि तिच्यात रांगेनं हिऱ्यांसारखे लखलखीत ठिपके. ठिपके स्थिर दिसले की पावडर सोडायची. रोबोट गन फिरवतो, मी काचेआडून कूपनचं तापमान बघतो. दोन्ही बाजूंनी हवेचे झोत चालू. एकेका फेरीत दहा-पंधरा मायक्रॉन चढतात. मध्ये थांबायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा.

हे थांबणं टायटॅनियमसाठी. गन जरा रेंगाळली, तर लेप नसलेल्या कडेवर रंग उमटतो: आधी गव्हाळ, मग जांभळा, मग निळा. दिसायला सुंदर, पण तो ऑक्साइडचाच थर, जाड होत गेला तसा रंग बदलत गेलेला. ऑक्सिजनपासून वाचवायला घेतलेल्या जॉबला मीच ऑक्सिजन पाजला असा त्याचा अर्थ. निळी कड असलेला तुकडा मी मॅडमना देत नाही.

प्रत्यक्ष फवारा सगळा मिळून दहा-बारा मिनिटं.

१.००, डबा

लाखोळीचं वरण गार झालं तरी चांगलं लागतं. मॅडम डबा घेऊन आमच्यातच बसतात. मिहानच्या बाजूला एक विमान उतरताना दिसलं, त्यावरून विषय निघाला. एअर इंडियाच्या ड्रीमलायनरला जी जीईएनएक्स इंजिनं आहेत, त्यांच्या कमी दाबाच्या टर्बाइनच्या शेवटच्या दोन टप्प्यांतली पाती टायटॅनियम ॲल्युमिनाइडची असतात. निकेलच्या पात्यांच्या निम्म्या वजनाची. मी विचारलं, त्यांना कोणता लेप देतात? मॅडम म्हणाल्या, "कोणताच नाही. तिथल्या तापमानाला मिश्रधातू आपलं आपण निभावतो." मग तुम्ही लेप कशाला शोधता? "त्याच्यापुढे आणखी शंभर अंश जायचंय म्हणून."

हे उत्तर मला पटलं. गरज कुठं सुरू होते ते माहीत असलेला माणूस लेपावर बोलायला लायक. काका मात्र म्हणाले, "मंग तवरीक आमचं पोट बॉयलरच्याच नळ्यांवर."

२.००, तार

दुसऱ्या गटाच्या कूपनवर शुद्ध ॲल्युमिनियमचा लेप. ही पद्धत स्वस्त आणि जुनी: दोन तारांमध्ये विजेची ठिणगी, वितळलेला धातू हवेच्या झोतानं उडवायचा. थर्मल स्प्रेची सुरुवातच वितळलेला धातू उडवण्यातून झाली, १९१०च्या सुमारास झुरिकच्या मॅक्स शूप यांनी. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, मग सातशे अंशांच्या कामाला ते कसं चालेल, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. पण ते तसंच ठेवायचं नसतं. नंतर भट्टीत नियंत्रित तापवलं की ते टायटॅनियमशी मिळून टीआय-एएल-थ्री हे संयुग होतं, आणि त्या जोडीतलं हे एकच संयुग हवेत धडपणे ॲल्युमिनाचा पडदा धरतं. दोष एकच, ते ठिसूळ आहे. थंड-गरम फार झालं तर भेगा पडतात.

निकेलच्या लेपाचाही दोष आहेच. तापलं की टायटॅनियम फुगतं कमी आणि निकेलचा लेप जवळजवळ दीडपट जास्त, म्हणजे प्रत्येक गरम-थंडीत दोघांची ओढाताण. शिवाय निकेल हळूहळू टायटॅनियममध्ये उतरतं आणि सांध्यावर ठिसूळ संयुगं बनतात. तापमान ९४० अंशांच्या वर गेलं, तर दोघं मिळून चक्क वितळतात, वेगवेगळे असताना दोघंही त्या तापमानाला घट्ट असले तरी. संरक्षण द्यायला बसवलेला लेपच घातक ठरू शकतो, हे टायटॅनियमवर फार लवकर शिकायला मिळतं.

३.३०, मायक्रोस्कोप

मॅडमनी आधीच्या फेरीचे तुकडे कापून, बेकलाइटमध्ये बसवून, पॉलिश करून आणलेत. आमच्या मायक्रोस्कोपखाली लावले. ॲसिडनं एचिंग त्यांनी कॉलेजातच केलं. त्यात हायड्रोफ्लोरिक असतं, आणि ते वापरताना जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम असल्याशिवाय बाटली उघडायची नाही असा नियम आहे. आमच्याकडे ती सोय नाही, म्हणून आम्ही ते काम अंगावर घेत नाही.

पहिला तुकडा बिनलेपाचा, ७०० अंशांत १०० तास काढलेला. वर सुटत आलेला खवल्यांचा थर. त्याच्या खाली, आतल्या दाणेदार करड्या धातूच्या आधी, एक गुळगुळीत पांढरा पट्टा. पन्नासेक मायक्रॉनचा. हाच अल्फा केस. मॅडमनी त्यावर हिऱ्याच्या टोकानं कडकपणा मोजला होता: आत विकर्स साडेतीनशेच्या आसपास, पट्ट्यात सहाशेच्या वर. ठशांचे चौकोन बघूनच कळतं. आतले मोठे, कडेकडचे बारीक होत गेलेले.

दुसरा तुकडा आमच्या लेपाचा. तितकेच तास, तेच तापमान. वर लेपाचे चपटे थर एकावर एक, मधे कुठं काळं रंध्र. आणि खाली पांढरा पट्टा नाही. करडा दाणेदार धातू थेट लेपापर्यंत आलेला. मी तुकडा सरकवत सगळी लांबी बघितली. एका टोकाला, जिथं लेप कडेशी पातळ झाला होता, तिथून पांढरा पट्टा आत वळलेला दिसला. म्हणजे कड झाकली नाही तर ऑक्सिजन बाजूनं शिरतो. सांध्यावर एक पातळ करडी रेघही आहे, निकेल उतरल्याची. मॅडमनी तिचा फोटो घेतला. मी माझ्या वहीत लिहिलं: कडा गोल करून घेणे, कडेवर दोन फेऱ्या जास्त.

४.३०, पुन्हा फोन

मेंटेनन्सचा माणूस सापडला. भला माणूस. "पंपाची स्लीव्ह आहे जी. ग्लँड पॅकिंगवर फिरते. लई गरम होते."

किती गरम?

"असंल शंभर-सव्वाशे."

घ्या. सव्वाशे अंशांना टायटॅनियमला ऑक्सिडेशनची काडीची भीती नाही. त्याच्या पृष्ठभागावर आपोआप आलेला काही नॅनोमीटरचा ऑक्साइड त्याला पुरतो, पंपातल्या ॲसिडच्या पाण्यातही तोच त्याला वाचवतो. स्लीव्ह गरम होते ती घासून. टायटॅनियमची दुसरी खोड ही: घासलं की ओरखडतं, चिकटतं, जाम होतं. म्हणजे ग्राहकानं मागितलं उष्णतेचं औषध आणि दुखणं आहे झिजेचं. सकाळी कार्डाप्रमाणं निकेलचा ३०० मायक्रॉनचा लेप मारला असता, तर आम्हाला पैसे मिळाले असते, आणि तो लेप ॲसिडच्या पाण्यात काही दिवसांत उठला असता.

आमच्या साहेबांशी बोलून ठरवलं: प्लाझ्मा गननं क्रोमियम ऑक्साइड, खाली निकेलचा थर न देता, मग रंध्रं सीलरनं भरून हिऱ्याच्या चाकावर ग्राइंडिंग. नवीन कार्ड बनवलं, ग्राहकाची लेखी संमती मागवली. लाल पट्टी अजून तशीच. संमती आल्याशिवाय काढणार नाही.

६.००, हजेरीवर सही, म्हणजे दिवस संपला

मॅडम कूपन वजन करून घेऊन गेल्या. आजच रात्री भट्टीत जातील. आमच्याकडे बूथची झाडलोट, पावडरची बाटली बंद, गनचं नोझल काढून तपासणी. आतून झिजलेलं नोझल उद्याचा लेप बिघडवतं, त्यामुळं हे काम मी मदतनिसावर सोडत नाही.

नऊ तासांत प्रत्यक्ष फवारा झाला तो काही मिनिटंच. बाकीचा वेळ धुणं, खरबरीत करणं, वाळवणं, थांबणं, कापून बघणं आणि फोन. नवीन मुलं आयटीआयमधून येतात ती ज्वाला बघायला. त्यांना मी पहिला महिना काकांकडे ब्लास्टिंगला देतो. काही जण पळतात.

हे वाचणाऱ्यांत कारखान्यांतले खरेदी आणि मेंटेनन्सचे लोक असतील, तर त्यांना एवढंच सांगणं. ४०० अंशांच्या खाली असलात तर ऑक्सिडेशनसाठी टायटॅनियमला लेप मागूच नका, पैसे वाया जातील. लेपामुळं त्याची थकवा सोसण्याची ताकद उलट कमी होऊ शकते. ६००च्या वर असलात तर लेपाशिवाय चालवू नका, आणि कडा झाकल्या का ते विचारा. मधल्या पट्ट्यात असलात तर आधी बोलू. पण कुठंही असलात तरी कार्डावर कामाचं तापमान, किती तास आणि भोवती काय आहे ते लिहा. जाडी आम्ही ठरवू.